‘आई कुठे काय करते’ : संजनाची बाजू कळू लागली तेव्हा

स्टार प्रवाह वाहिनीवरील ‘आई कुठे काय करते’ ही मालिका डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस संपली. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात ती सायंकाळी साडेसातला, चुलीवर भाकरी टाकता टाकता पाहिली जात असे. मार्च 2024 मध्ये ती दुपारी अडीच वाजता दाखवली जाऊ लागली, तेव्हा निंदणाच्या दिवसांत त्या वेळी वावरात असणाऱ्या बायांची ती आपोआप सुटली. ज्यांना रात्री मुलाचा मोबाईल मिळत असे, त्यांनी ती हॉटस्टारवर पाहिली. मी त्यांपैकीच एक असून, या उन्हाळ्यात निवडक भाग पुन्हा पाहिले.

मूळ कथा ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेची. हिंदीतली ‘अनुपमा’ हीदेखील तिचीच बहीण. पंचवीस वर्षे संसार केल्यावर नवऱ्याचे, अनिरुद्धचे, बाहेर संजनाशी प्रेमप्रकरण आहे हे अरुंधतीला कळते, पुढे ती घटस्फोट घेते आणि गाण्याच्या बळावर स्वतःच्या पायावर उभी राहते. एवढेच असते तर ही सोशिक बाईची आणखी एक कहाणी झाली असती. मधुराणी प्रभुलकर यांनी अरुंधतीचा राग फार हळू चढू दिला आहे, हे मात्र मान्य करावे लागेल. ओरडण्याऐवजी ओट्यावरची भांडी आवरत बोललेली त्यांची वाक्येच अधिक लागतात.

माझ्या मते मालिकेचे खरे बळ संजनात आहे. रूपाली भोसले यांनी रंगवलेली ही बाई नोकरी करणारी, नवरा आणि मुलगा सोडून अनिरुद्धकडे आलेली. म्हणजे आपल्या मालिकांच्या रिवाजाप्रमाणे कपाळावर ‘खलनायिका’ लिहूनच जन्मलेली. ती कारस्थाने करतेही. पण लग्न होऊन ‘समृद्धी’ बंगल्यात आल्यावर, ज्या जागेसाठी ती भांडली ती जागा किती अपमानाची आहे हे तिच्या लक्षात येऊ लागते, आणि अनिरुद्ध तिच्याशीही तसाच वागतो. कापूस वेचताना आमच्यात या मालिकेवर वाद झाला, तेव्हा आयुष्यभर सवतीसोबत नांदलेली एक म्हातारी म्हणाली होती, “थे संजना वाईट नाही व माय, तिलेबी घर पाह्यजे.” त्यानंतर संजनाला शिव्या घालणाऱ्या बायांचा आवाज जरा खाली आला.

कांचनची गुंतागुंत त्याखालोखाल. सुनेला आधी बोल लावणारी, नंतर तिला लेक मानणारी ही सासू अरुंधतीच्या दुसऱ्या लग्नाला मात्र कडाडून विरोध करते; माया आणि धाक एकाच हाताने वाढणाऱ्या अशा सासवा आमच्या प्रत्येक गल्लीत आहेत. अर्चना पाटकर यांनी तिला कुठेही हास्यास्पद होऊ दिले नाही. घटस्फोटित असूनही देशमुखांच्या, म्हणजे अनिरुद्धच्या, घरात सून म्हणून आलेली अनघा आणि मनाला येईल तसे वागणारी अरुंधतीची मुलगी ईशा यांच्यामुळे एकाच छताखाली एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिसतात. अनघाच्या नवऱ्याने, म्हणजे अनिरुद्धच्या मुलानेही, बापाचाच कित्ता गिरवला, तेव्हा कांचनच्या चेहऱ्याकडे पाहावे.

दोष सांगायचे तर लांबण. चौदाशेहून अधिक भाग ओढायचे म्हणजे अपहरणे, अपघात आणि आजार यांची भर घालणे आलेच. अरुंधतीच्या दुसऱ्या नवऱ्याचा, आशुतोषचा, मृत्यू मला लेखकांच्या सोयीचा वाटला, कारण त्यामुळे अरुंधतीला पुन्हा त्याच बंगल्यात आणता आले. दुसरी खंत घरकाम करणाऱ्या विमलबद्दल आहे. सगळ्यांचे रहस्य तिला ठाऊक असते, परंतु तिच्या स्वतःच्या संसाराला मिळालेला वेळ फार थोडा. रोजीने जाणाऱ्या बायांनी हे लगेच टिपले, आणि त्यांना अरुंधतीपेक्षा विमलला महिन्याला किती पगार मिळतो याचे कुतूहल अधिक होते.

नव्याने पाहणाऱ्यांनी घटस्फोटापर्यंतचे भाग सलग पाहावेत, नंतर संजनाच्या लग्नानंतरचे दिवस पाहावेत, आणि मधली अपहरणे खुशाल पुढे ढकलावीत.