जांभ्याच्या मैदानावर पास थांबवायचा, तर हॉकी स्टिकचा बाक कुठला घ्यावा?

आधी निकाल, कारण दुकानात उभ्या उभ्या वाचणाऱ्याला तेवढाच हवा असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मातीच्या मैदानांवर खेळत असाल आणि पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक मारणं (बॉल स्टिकवर ओढत आणून झटक्यात गोलकडं फेकणं) तुमच्याकडं नसेल, तर स्टँडर्ड बो घ्या, फार तर मिड बो. लो बो कितीही देखणा दिसला तरी पास घेताना तो इथं नडतो. हेड, म्हणजे स्टिकचा खालचा वळलेला भाग, मिडी किंवा मॅक्सी आकाराचं. स्टिकमधलं कार्बन फायबर निम्म्याहून कमी. आता कारणं.

दुकानात ज्याला बो म्हणतात तो म्हणजे स्टिकचा बाक. स्टिक सपाट बाजू खाली करून टेबलावर ठेवली की हेड टेकतं, मूठ टेकते आणि मधला दांडा वर उचललेला राहतो. ती फट किती हा पहिला आकडा. ती सर्वांत मोठी कुठं, हेडच्या तळापासून किती अंतरावर, हा दुसरा. बहुतेक गिऱ्हाइकं पहिलाच विचारतात. पास थांबवण्याच्या दृष्टीनं दुसरा जास्त महत्त्वाचा आहे.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमात दोन्हींना मर्यादा आहे. बाक २५ मिमीपेक्षा जास्त नको, आणि त्याचा सर्वांत खोल बिंदू हेडच्या तळापासून २०० मिमीच्या खाली नको. शिवाय बाक एकाच बाजूला, सलग आणि गुळगुळीत हवा. पूर्वी ५० मिमीपर्यंत मुभा होती, त्यामुळं कुणाच्या माळ्यावरची जुनी स्टिक फुकट मिळत असेल तर खूश होण्याआधी मोजून बघा. काउंटरची काच सपाट असते, त्यावर स्टिक पालथी ठेवायची आणि दहा रुपयांचं नाणं उभं धरून खालून सरकवायचं. हे नाणं २७ मिमी व्यासाचं आहे. ते आरपार गेलं तर स्टिक नियमाबाहेर, अंपायर ती बाहेर ठेवायला सांगू शकतो. नाणं अडलं म्हणजे स्टिक नियमात बसली असं मात्र नव्हे, २५ आणि २७ मधलं अंतर स्टीलच्या पट्टीनंच कळतं.

नावांवर जाऊ नका. एका कंपनीचा मिड तो दुसरीचा लो निघतो, आणि प्रो, एक्स्ट्रीम वगैरे शब्दांना मापाचा अर्थ नसतो. ढोबळमानानं स्टँडर्डमध्ये बाक २० मिमीच्या आसपास आणि तोही ३०० मिमीवर किंवा त्याहून वर. मिडमध्ये २२ ते २४ मिमी, २५० ते ३०० च्या दरम्यान. लो बोमध्ये २४ ते २५ मिमी, थेट २०० ते २१५ वर, म्हणजे नियमाच्या कुंपणाला टेकून.

आता पास. बॉलचा घेर २२४ ते २३५ मिमी, म्हणजे व्यास साधारण ७३ मिमी. सरपटत आलेला बॉल हेडला जमिनीपासून साडेतीन-पावणेचार सेंटिमीटरवर लागतो. बाकाच्या खोल बिंदूपासून हेडकडं येताना दांड्याची सपाट बाजू पुढं झुकत येते. त्यामुळं स्टिक सरळ उभी धरली की हेडचं तोंड किंचित आभाळाकडं वळलेलं असतं. हा कल किती, ते साध्या गणितानं काढता येतं. लो बोमध्ये २०० मिमीत २५ मिमी, सरासरी सात अंश. स्टँडर्डमध्ये ३०० मिमीत २० मिमी, जेमतेम चार. फरक तीन अंशांचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण वेगात आलेला बॉल तेवढ्यानंही स्टिकवर चढतो आणि मनगटावरून नाहीतर गुडघ्याच्या उंचीनं निघून जातो.

यावर उपाय आहे: मूठ पुढं न्यायची, म्हणजे हेडचं तोंड खाली वळतं. साडेछत्तीस इंची स्टिकवर तीन अंश भरून काढायला डावा हात नेहमीपेक्षा पाच सेंटिमीटर पुढं लागतो, म्हणजे सुमारे तीन बोटं. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, हे जमतं. पाणी मारलेल्या टर्फवर बॉल प्रत्येक वेळी त्याच उंचीनं येतो, हाताला एकदा सवय लागली की प्रश्न मिटतो. म्हणून घाटावर किंवा म्हापशाच्या पेडे संकुलात (२०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमधली हॉकी तिथंच झाली) लो बो घेऊन सहज पास झेलणारे फॉरवर्ड दिसतात, आणि आपली पोरं तीच स्टिक मागवतात.

आपल्या सड्यावरचं मैदान वेगळं. जांभ्याची माती, मध्येच कातळाचा उंचवटा, वर बारीक खडी. बॉल शेवटच्या दोन मीटरमध्ये हमखास उडी घेतो. कधी चार सेंटिमीटरवर लागतो, कधी दहावर, कधी पंधरावर. आणि खरी मेख इथं आहे. लो बोमध्ये सगळा बाक खालच्या वीस सेंटिमीटरमध्ये कोंबलेला असतो, त्यामुळं बॉल जितका वर लागेल तितका त्याला भेटणारा कोन झपाट्यानं बदलतो. मूठ पुढं घेऊन चार सेंटिमीटरची उंची साधली, तर बाराला लागलेला बॉल पायात दाबला जातो. बारासाठी हात सैल सोडला, तर खालचा उडतो. स्टँडर्डमध्ये तोच बदल लांबवर पसरलेला असतो, त्यामुळं उडी कुठलीही असली तरी कोन जवळपास सारखा राहतो. वरच्या, उथळ बाकाची शिफारस आहे ती एवढ्याचसाठी.

लो बोचं कौतुक ज्यासाठी होतं ते मात्र खोटं नाही. ड्रॅग फ्लिकमध्ये बॉल दांड्यावरून घरंगळत हेडकडं येतो आणि खोल बाक त्याला पन्हळीसारखा धरून ठेवतो. हवेतून पास देतानाही तो सोपा. संघात एक फ्लिकर असेल तर त्याच्या पिशवीत ती दुसरी स्टिक म्हणून असू द्या. कॉर्नरला बॉल थांबवणाऱ्यानं मात्र ती घेऊ नये. स्टिक आडवी टाकली की हेड आणि खोल बिंदू यांच्यामध्ये लागलेला बॉल जागीच मरत नाही, मुठीच्या दिशेनं सरकतो आणि फ्लिकरची पावलं चुकतात.

हेडच्या आकाराबद्दल थोडक्यात. शॉर्टी आता फारसा मिळत नाही. वळवायला चपळ, पण उलट्या बाजूनं, म्हणजे रिव्हर्सवर, पास घेताना बॉलला जागाच कमी मिळते. मिडी सर्वांना चालतो. मॅक्सीची टो, म्हणजे हेडचं वर वळलेलं टोक, मोठी, म्हणून बचावपटूला रिव्हर्सवर बॉल अडवायला बरा. हुक हेडची टो आणखी वर वळलेली असते, थांबवायला जागा भरपूर, पण भर धावेत स्टिक डावी-उजवी फिरवताना ते जड वाटतं. खडीच्या मैदानावर हुक किंवा मॅक्सीची टो लवकर घासते, हा हिशेबही धरा.

बाक अचूक निवडूनही बॉल हातभर पुढं उसळत असेल, तर दोष बहुधा कार्बनचा. कार्बन जास्त तितकी स्टिक ताठ, हिट जोरात, पण येणाऱ्या बॉलचा धक्का ती गिळत नाही, परत फेकते. टणक जमिनीवर दीडशे-एकशे साठ ग्रॅमचा बॉल तसाही जोमात येतो. शाळकरी मुलांना २० ते ३० टक्के कार्बन पुरे, उरलेलं फायबरग्लास. मोठ्यांनी पन्नासच्या पुढं जाण्याआधी आपले हात किती मऊ आहेत हे प्रामाणिकपणे ठरवावं. तुतीच्या लाकडाची जुन्या पद्धतीची स्टिक बॉलला सगळ्यात हळुवार झेलते, याबद्दल वादच नाही. वजनाची नियमातली कमाल ७३७ ग्रॅम आहे, पण ५३० ते ५६० च्या पुढची स्टिक पासच्या रेषेत वेळेवर येत नाही.

जिल्ह्याच्या गावातल्या दुकानांत बॅटी आणि कॅरम बोर्डांच्या मागं चार-दोन हॉकी स्टिका असतात, त्यांतून निवड ती काय होणार. त्यामुळं माल बहुधा जालंधर किंवा मेरठहून मागवावा लागतो. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला पाच गोष्टी लेखी विचारा: बाक किती मिमी, हेडच्या तळापासून किती अंतरावर, हेड कुठलं, कार्बन किती टक्के, वजन किती. स्टिक पालथी ठेवून बाजूला पट्टी लावलेला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडं बघा.

हातात आल्यावर ग्रिपचं वेष्टण काढण्याआधी मैदानावर पारखून घ्या, पण टोवर एक थर टेप लावून, म्हणजे परत करायची वेळ आली तर ओरखडा नको. जोडीदाराला दहा मीटरवरून वीस पुश (न मारता ढकललेले पास) द्यायला सांगा, दहा सरळ बाजूला, दहा रिव्हर्सवर. थांबल्यावर बॉल फूटभराच्या आत राहिला तर तो पास झेलला असं धरा. चुकलेले बॉल कुठं गेले ते लिहून ठेवा. वर उडाले: मूठ मागं पडतेय किंवा बाक फार खाली आहे. पुढं उसळले: उजवा हात आवळलेला किंवा स्टिक ताठ. पायाशी दाबले गेले: मूठ गरजेपेक्षा पुढं. टोवरून निसटले: हा दोष बाकाचा नाही, पाय बॉलच्या रेषेत आले नाहीत. स्टिक लांब असली तरी बॉल उडतात, कारण मूठ पोटाला अडते आणि पुढं जातच नाही. स्टिक उभी केली की तिचं टोक कमरेच्या हाडाशी यावं.

खाऱ्या हवेचं आणि पावसाचं वेगळं बघावं लागतं. जांभ्यावर हेडची खालची कड घासून फायबर उघडं पडतं, तिथून पाणी शिरलं की थर सुटतात आणि हेड ठोकल्यावर बद्द आवाज येतो. कड खडबडीत होताच बारीक पॉलिश पेपर मारून इपॉक्सीचा पातळ थर द्या, एक दिवस वाळवा. टेप मोसमात दोन-तीनदा बदला, दमट हवेत तिचा गोंद सुटतो. लाकडी स्टिक पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवली तर तिचा बाकच बदलतो. ती मुठीकडून टांगून ठेवा, आणि गणपती झाल्यावर मैदान वाळलं की पहिल्या सरावाआधी पुन्हा काचेवर पालथी घालून पट्टी लावा.