दाराचा पोचा काढायला गेलो आणि तीन भोकं घेऊन आलो

लिहू का नको असं महिनाभर चाललं होतं, कारण मूर्खपणा आपलाच, पण परवा सोसायटीतल्या एकाला तसाच माणूस भेटला म्हणून लिहितोय.

पार्किंगमध्ये कुणाची तरी ॲक्टिव्हा स्टँडवरून घसरली ती माझ्या गाडीच्या मागच्या दारावर, वाटीएवढा पोचा पडला पण रंगाला साधा चरा नाही. विम्याचा क्लेम टाकला तर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सूट, जाणार, चार वर्षं क्लेम नाही म्हणजे ४५ टक्के, एवढ्याशा पोच्यासाठी कोण घालवतंय. तेवढ्यात एका रविवारी कात्रजच्या बाजूला चहाला थांबलो आणि एक पोरगा स्कूटरवरून आला, "दादा, पीडीआर करून देतो, रंगाला हात नाही लावणार, पाचशे फक्त." हातात सक्शन कप, पाठीला सॅक. मी व्हिडिओ बघून बघून अर्धा तज्ज्ञ झालेलोच होतो, त्यामुळे पीडीआर (पेंटलेस डेंट रिपेअर, रंग न करता पोचा काढणं) शब्द ऐकूनच पाघळलो.

"तुम्ही निवांत चहा घ्या," म्हणाला. घेतला. मधे ड्रिलचा आवाज आला पण शेजारी गॅरेज होतं, मला वाटलं तिथलाच. दहा-बारा मिनिटांत परत आलो तर दारावर पांढरी पेस्ट थापलेली. म्हणे केमिकल आहे, दोन दिवस पाणी लावायचं नाही, फडकं फिरवायचं नाही, उन्हात मुरलं की आरसा. आणि पाचशे ही मजुरी, केमिकल ट्यूबवर, ट्यूब ८०० ची, चार लागल्या! हुज्जत घातली, तर अजून दोघं जण नुसतेच येऊन उभे राहिले, शेवटी २,५०० जीपे केले. अक्षरशः चुना लावला, तोही माझ्यासमोर.

दोन दिवसांनी धुतली. पेस्ट म्हणजे साधं वॅक्स निघालं, त्याच्याखाली लांबी (पुट्टी) भरलेली, वर ब्रशने मारलेला ग्रे रंग, आणि नखाने जरा खरवडलं तर लांबीचा तुकडाच हातात आला, आत भोक. अशी तीन. फ्रिजवरचं मॅग्नेट लावून पाहिलं, बाकी दारावर चिकटतंय आणि तिथे घसरून खाली.

मग एका खऱ्या पीडीआरवाल्याकडे गेलो, त्याने बघून डोक्यालाच हात लावला. त्याचं म्हणणं, हा पोचा सोपा होता हो. काच खाली घ्यायची किंवा आतलं ट्रिम काढायचं, लांब वाकडा रॉड घालून पत्रा मागून थोडा थोडा दाबत आणायचा, आणि समोर पट्ट्यांचा लाइट लावून त्याचं प्रतिबिंब बघत राहायचं, पट्टी सरळ दिसली की पत्रा सरळ. जरा जास्त वर आला तर नायलॉनच्या टोकाने हळू ठोकून खाली. मागून हात जातच नसेल तर बाहेरून गरम ग्लूने टॅब चिकटवून ओढायचा. एवढ्या पोच्याला तास-दीड तास सहज लागतो म्हणाला. सगळी कसरत कशासाठी तर कंपनीचा रंग वाचावा म्हणून, आणि त्या स्कूटरवाल्या पोराने पहिल्याच मिनिटाला त्याच रंगातून ड्रिल घातला, स्क्रू अडकवून ओढायला. दार उघडलंसुद्धा नव्हतं त्याने. मला तिथेच कळायला हवं होतं, पण मी चहा पीत होतो.

आणि हेही त्यानेच सांगितलं, की रंग तडकला असेल किंवा पोचा पत्र्याच्या अगदी कडेला, धारदार घडी पडलेला असेल, तर प्रामाणिक माणूस आधीच "नाही होणार" म्हणतो. माझ्यावाल्याने बंपरचा तडासुद्धा काढून देतो म्हटलं होतं! बंपर प्लास्टिकचा, त्यातला पोचा गरम पाण्याने कधीकधी निघतो, तडा कुठून निघणार.

भोकं तशीच ठेवली तर पावसाळ्यात पत्रा आतून गंजेल, म्हणून शेवटी नेहमीचं डेंटिंग-पेंटिंग, एका दाराचे साडेचार हजार. जे टाळायला निघालो होतो तेच, वर २,५०० जास्तीचे. जीपेवर नाव कुणा भलत्याच बाईचं, फोन तर त्याच संध्याकाळपासून बंद.

पेंटरने काम चांगलं केलंय, पण मेटॅलिक ग्रे आहे, संध्याकाळच्या उन्हात ते दार बाकीच्या गाडीपेक्षा किंचित निळं दिसतं. बायको आता गाडी उलटी लावते, ती बाजू भिंतीकडे.