गादीखालची इस्त्री: बिनहीटचा केस सरळ करायचा सेट, अख्खा पावसाळा वापरून

आधीच सांगून टाकते, काचेसारखे सरळ केस पाहिजे असतील तर हा सेट घेऊ नका, पैसे फुकट जातील. माझे केस कुरळे म्हणजे लई कुरळे, ओले असताना पाठीच्या मध्यापर्यंत येतात आणि सुकले की खांद्यावर जाऊन बसतात, आणि जूनमध्ये बेळगावात पाऊस धरला की डोक्यावर पिंजाऱ्याने कापूस पिंजून ठेवल्यासारखं दिसतं. मला सरळ नकोच होते, फक्त ते जरा खाली बसावेत एवढंच पाहिजे होतं, त्या हिशोबाने वाचा.

जूनच्या शेवटी पांगुळ गल्लीत बांगड्या घ्यायला गेलेली, तिथे एका दुकानात बॉक्स दिसला. आत सहा मोठे वेल्क्रो रोलर, डझनभर कापडी रबर, सॅटिनची टोपी, थोड्या चापा आणि एक पांढरी क्रीम. दुकानदार ४५० म्हणाला, "छलो ऐतीरी अक्का" (कानडीत, चांगलं आहे ताई) वगैरे झालं, मी निघाल्यासारखं केलं आणि ३८० ला घेतला. बॉक्सवर कंपनीचं नाव म्हणावं असं काही नाही, फक्त लांब सरळ केसांच्या एका बाईचा फोटो, जिचे केस जन्मात कुरळे नव्हते हे बघूनच कळतं.

हीट का नको ते सांगते. २०२२ ला खानापुरात मावसबहिणीचं लग्न होतं, घाईत अर्धवट ओल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवला, तो पण पूर्ण वर करून, २३० डिग्रीवर. फोडणीत कढीपत्ता टाकल्यावर येतो तस्सा आवाज आला, चर्रर्र. केसाच्या आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघतं आणि केस आतून फुगून पोकळ होतो, हे मला नंतर कळलं, तेव्हा वाटलं काय चकचकीत झाले! महिन्याभरात पुढची बट कपाळापासून चार बोटांवर तुटायला लागली. आणि भाजलेला केस काय परत नीट होत नाही, तो कापायचाच, नवीन यायचा तो महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, म्हणजे हिशोब करा, ती बट बाकीच्यांच्या बरोबरीला यायला किती वर्षं.

मग मधे एका पार्लरवालीने (नाव घेत नाही, जाऊ दे) सांगितलं की आमच्याकडे ऑरगॅनिक स्मूदनिंग आहे, हीट नाही, फॉर्मालिन नाही. साडेपाच हजार ठरले. तास दीड तास काहीतरी आंबट वासाचं लावून ठेवलं आणि शेवटी मशीन काढलीच बाईनं! म्हटलं हे काय, तर म्हणे "हे फक्त सील करायला". डोळ्यातून पाणी, नाक चुरचुरतंय, मी अर्ध्यात उठून आले, पैसे अर्धेच परत मिळाले. घरी येऊन वाचलं तर अशा बऱ्याच क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड असतं, बाटलीत फॉर्मालिन नसतं हे खरंच, पण ते गरम केलं की त्यातूनच फॉर्माल्डिहाइड, म्हणजे फॉर्मालिनमधलाच वायू निघतो. २०२४ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या ट्युनिशियाच्या मुलीची हकीकत छापली होती, तीन वेळा सलूनमध्ये केस सरळ केले आणि तिन्ही वेळा किडनीला त्रास, क्रीममध्ये हेच अ‍ॅसिड १० टक्के. माझ्यावर कुठली क्रीम लावली होती ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

असो, सेटवर येते.

हे चालतं कसं ते आपल्या पिढीला सांगायला नको, शाळेचा युनिफॉर्म आठवा. लाईट गेलेली असली की आई स्कर्ट जरासा दमट असतानाच हाताने ताणून, घडी घालून गादीखाली ठेवायची आणि सकाळी इस्त्री केल्यासारखा निघायचा. केसाचं तेच आहे. केसात दोन प्रकारचे बंध असतात, एक पक्के, गंधकाचे, ज्याने कुरळेपणा जन्माचा राहतो, ते पाण्याने सुटत नाहीत, रिबाँडिंगसारख्या केमिकलने तुटतात, आणि दुसरे कच्चे, हायड्रोजनचे, ते नुसत्या पाण्याने सुटतात आणि केस सुकताना ज्या आकारात असेल त्या आकारात परत बसतात. ओला केस ताणून धरा, तसाच सुकू द्या, सरळ राहील. परत पाणी लागलं की खेळ खलास. आता बेळगावच्या जुलैत हवेतच एवढं पाणी असतं की छत्री असून काय उपयोग.

क्रीम पहिल्या आठवड्यातच कळली. मागची बारीक अक्षरं मोबाईलने मोठी करून वाचली, पाणी, सेटोस्टेरील अल्कोहोल, डायमेथिकोन, सेंट. म्हणजे साधा कंडिशनर हो, सिलिकॉनचा थर देतो म्हणून हाताला गुळगुळीत लागतं, सरळ करण्याशी त्याचा काही संबंध नाही. वाईट नाही पण शंभर रुपयाच्या कुठल्याही कंडिशनरने तेच होतं.

खरं काम करते ती टोपी आणि चापा. बॉक्सवर लिहिलेलंच नाही तसं, मी व्हिडिओ बघून शिकले: केस धुवायचे, टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या टीशर्टमध्ये दाबून पाणी काढायचं, ऐंशी टक्के सुकू द्यायचे, मग डोक्याला गोल फेटा बांधतो तसे केस कंगव्याने ताणत एकाच दिशेने डोक्याभोवती गुंडाळत न्यायचे, जागोजागी चाप आणि वरून टोपी. रात्री मधेच जाग आली तर सोडून उलट्या दिशेने गुंडाळायचे, मुळाजवळ जास्त सपाट बसतात. पहिल्यांदा केलं त्या सकाळी मी आरशात बघून स्वतःच दचकले, केस लाटेसारखे सुटे, लांबी चक्क दिसत होती! आई म्हणाली, "अगो, कुणाच्या घरला गेल्यासारखं वाटायलंय की."

पण ऐंशी टक्के म्हणजे ऐंशीच. एकदा कंटाळा करून ओलेच गुंडाळले, बाहेर मुसळधार, सकाळी टोपी काढली तर केस तसेच ओले आणि डोक्याला न वाळलेल्या पायपुसण्याचा वास. नंतर दोन आठवडे कोंडा. पावसाळ्यात मी आता दुपारीच न्हाते नाहीतर ड्रायरची गार हवा मारते, गार, गरम नाही, बटणावर निळी खूण असते ती.

रोलर दिवसा घरी असाल तर ठीक. मोठे आहेत म्हणून कुरळं गोल न होता नुसतं ताणलं जातं, पण माझ्यासारख्या दाट केसांना सहा पुरत नाहीत, दहा-बारा तरी पाहिजेत, आणि वेल्क्रो एवढा चिकट की एक रोलर काढताना मी रडले. कापडी रबर मात्र मस्त, केसाच्या दोन-तीन शेंड्या बांधायच्या आणि खालपर्यंत दर दोन इंचाला एक रबर, झोपायला त्रास नाही. फक्त घट्ट आवळू नका, ओला केस ताणला की जास्त ताणतो आणि लवकर तुटतो, शिवाय रोज कपाळाकडून आवळलं तर तिथले केस मागे सरकत जातात ते वेगळंच.

क्रीमच्या जागी मी जवस आणलं. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट होईपर्यंत उकळायचं आणि गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळायचं, गार झालं की ते काही गळत नाही, मी एकदा पूर्ण ओढणी फेकून दिलीय. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. आई बघत होती, "चटणीचं जवस डोक्याला लावायलीस होय गे? आणि मग जेवताना चटणी पाहिजे म्हणतीस!" पण आईचाच एक मुद्दा खरा निघाला, न्हायच्या आधी खोबरेल. २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल तपासून बघितलेलं, केसातलं प्रोटीन धुऊन जायचं प्रमाण फक्त खोबरेलने कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, त्यासाठी तपासायला कशाला पाहिजे होतं.

पाण्याचा फरक पण पडतो. नळाला राकसकोप धरणाचं पाणी येतं त्या दिवशी न्हालं की केस मऊ, बोअरच्या जड पाण्याने न्हालं की तेच सगळं करून पण काथ्या. आमच्याकडे नळ रोज येत नाही त्यामुळे माझ्या न्हाण्याचा वार नळ ठरवतो.

आता टिकतं किती. मी रोज बेळगावहून खानापूरला जाते. कर्नाटक सरकारची शक्ती योजना आली जून २०२३ ला, तेव्हापासून बायकांना बस फुकट हे खरं पण त्याच्यात आम्ही बायका डब्यातल्या लोणच्याच्या फोडीसारख्या, खिडक्या बंद, काचांवर वाफ, त्या वाफेत माझी मेहनत देसूरपर्यंत निम्मी जाते आणि खानापूरच्या स्टँडवर उतरले की मूळ रूप. कोरड्या दिवशी मात्र दोन दिवस आरामात राहतं, रात्री परत टोपी घातली तर तिसरा पण. ऑगस्टमध्ये मधे चार दिवस ऊन पडलेलं तेव्हा ऑफिसात दोघींनी विचारलं स्मूदनिंग केलंस का, कितीला केलंस.

गणपतीत पण बघून झालं. विसर्जनाच्या रात्री मिरवणूक बघायला गेलो, कपिलेश्वर तलावाकडे पोचेपर्यंत पाऊस, गर्दी, घाम, गुलाल, माझा कापूस परत पिंजलेला आणि तो पण गुलाबी. पण घरी येऊन धुतले तर केस जसेच्या तसे होते, एक पण तुटका शेंडा नाही, कुठे भाजल्याचा खरखरीतपणा नाही. पुढची ती बट आता हनुवटीच्या खाली आलीय.

पाचपैकी द्यायचे तर टोपी आणि रबरला साडेचार, रोलरला अडीच, क्रीमला एक. सुटं देतोस का म्हणून दुकानदाराला परत जाऊन विचारलं, नाही म्हणाला, बॉक्सच घ्यावा लागेल. मग मी आणि शेजारची वहिनी मिळून अजून एक घेतला ३५० ला, टोपी तिला, रोलर मला म्हणजे माझे बारा झाले, आणि क्रीम दोघींच्या सासवा-आया टाचांना लावायलेत.