वनस्नान की बागकाम? समुपदेशकाने कोणतं प्रशिक्षण घ्यावं

खोलीत बसून समुपदेशन करणाऱ्या अनेकांना आता क्लायंटला घेऊन बाहेर, झाडांत काम करावंसं वाटतं. त्यासाठी शिकायला गेलं की दोन वाटा समोर येतात: वनस्नानाचा मार्गदर्शक होणं किंवा बागकाम-उपचार शिकणं. दोन्हीकडे हिरवाई असली तरी हाती येणारं कौशल्य अगदी वेगळं आहे.

'शिनरिन-योकु', म्हणजे वनस्नान, हा शब्द जपानच्या वन खात्याने १९८२ मध्ये रूढ केला. आज मार्गदर्शकांचं जे प्रशिक्षण जगभर दिलं जातं, त्यातलं एक ठळक नाव म्हणजे २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'असोसिएशन ऑफ नेचर अँड फॉरेस्ट थेरपी'. त्यांचा अभ्यासक्रम साधारण सहा महिन्यांचा असतो. दोन-तीन तासांत गट जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटर चालतो. 'आसपास काय काय हलतंय ते बघा' अशा साध्या सूचना, मग गोल करून बोलणं, शेवटी चहा. कामाच्या ताणाने थकलेल्यांच्या गटासाठी हे छान चालतं. पण हा मार्गदर्शक उपचारक नसतो, हे प्रशिक्षणातच स्पष्ट सांगितलं जातं. आघातातून गेलेली व्यक्ती त्या शांततेत अचानक कोसळली, तर तिला सावरायचं कसं, हे तुम्हाला तुमच्या मूळ शिक्षणातूनच आणावं लागेल.

आपल्याकडच्या देवराईत हा प्रयोग करायचा मोह होतो. तिथे आधी गावकऱ्यांना विचारा. अनेक देवरायांत पानही तोडत नाहीत, त्यामुळे चहासाठी तिथली पानं खुडणं बाद. गवती चहा घरूनच न्या.

बागकाम-उपचार ही वाट जास्त कष्टाची आणि माझ्या मते जास्त पक्की. अमेरिकेतली या क्षेत्राची संघटना १९७३ची, ब्रिटनमधली 'थ्राइव्ह' १९७८ची. अमेरिकेत नोंदणीकृत बागकाम-उपचारक व्हायला पदवी आणि देखरेखीखाली ४८० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. हे तास अंगात मुरतात. रोप कुंडीत लावण्याचं काम आठ-दहा छोट्या पायऱ्यांत तोडायचं, त्यातली कुठली पायरी या माणसाला आज जमेल ते ओळखायचं, आणि दर आठवड्याला काय बदललं ते नोंदवायचं. दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या किंवा नैराश्यामुळे अंथरुणातून उठवत नसलेल्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे. मेथी पेरली की तीन-चार दिवसांत माती फोडून वर येते आणि महिन्याभरात भाजी होते. 'मी केलेलं काहीतरी उगवलं' हे त्याला डोळ्यांनी दिसतं. ते पटवून देण्यात आपले शब्द खर्ची पडत नाहीत. शिवाय जागा म्हणून गच्चीही पुरते. भर पावसात जंगल बंद पडतं, शेडखालच्या कुंड्यांचं काम चालू राहतं.

तिसरा पर्याय चालता-चालता समुपदेशनाचा. त्यासाठी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची २०२० ची मार्गदर्शक सूत्रं आधी वाचावीत. गोपनीयतेचा प्रश्न किती खरा आहे, हे मला पुण्यात वेताळ टेकडीवर कळलं. क्लायंट नुकती मोकळी होत होती, तेवढ्यात समोरून तिच्या सोसायटीतले काका आले आणि 'आज इकडे कुठे?' म्हणत थांबले. ते गेल्यावर ती पुन्हा बोलली नाही. तेव्हापासून कोणी भेटलं तर काय सांगायचं, हे मी पहिल्याच भेटीत क्लायंटसोबत ठरवून ठेवते.

परदेशी प्रमाणपत्राची फी डॉलर किंवा पौंडांत असते, म्हणून एक गोष्ट नीट लक्षात घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला लागणारी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी यातल्या कुठल्याच प्रमाणपत्राने मिळत नाही. ही तुमच्या पदवीवरची भर आहे. तुमच्याकडे मुख्यतः ताणाने आलेली, एरवी धडधाकट माणसं येत असतील आणि जवळ चालण्याजोगं रान असेल, तर वनस्नान घ्या. रुग्णालयात, पुनर्वसन केंद्रात किंवा विशेष मुलांसोबत काम असेल, तर बागकामच. आणि पैसे भरण्याआधी संस्थेला लेखी विचारा: प्रत्यक्ष कामाचे तास किती, आणि ते कोणाच्या देखरेखीखाली?