अर्ध्या वाक्याला बारा हजार

गोखरूच्या पावडरीपायी आमचे बारा हजार रुपये गेले. पैसे गेल्याचा राग आहेच, पण ते ज्या सफाईने काढून घेतले ती सफाई सांगायला हवी. विकणाऱ्याने दाखवलेल्या फाईलमधला मुख्य कागद अस्सल होता.

माझा पुतण्या सकाळी तालमीत असतो, संध्याकाळी जिममध्ये. त्या जिममध्ये एक 'न्यूट्रिशन कन्सल्टंट' येऊ लागला. गोड बोलून गळ्यात मारणारा वाटेल असा नव्हता. स्पायरल बाइंडिंग केलेली फाईल पुढे करायचा आणि म्हणायचा, "भावा, मी सांगतोय म्हणून घेऊ नकोस. रिसर्च वाच, मग ठरव." कोल्हापुरात खुराकावर बोलणाऱ्यांची कमी नाही. दूध कट्ट्यावर ग्लास रिकामा होईपर्यंत चार सल्ले फुकट मिळतात. त्या गर्दीत कागद दाखवणारा माणूस वेगळाच उठून दिसतो.

मुख्य पेपर 2007 चा, 'जर्नल ऑफ स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग रिसर्च'मधला. ऑस्ट्रेलियातले 22 रग्बी लीग खेळाडू, 5 आठवडे, गोखरूचा अर्क रोज 450 मिलीग्रॅम. सारांशातल्या एका ओळीवर पिवळा हायलायटर: सरावानंतर ताकद आणि चरबी सोडून उरलेलं वजन लक्षणीय वाढलं. शिवाय तोंडी जोड, की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी संप्रेरक, दुप्पट होतं. तीन महिन्यांचा कोर्स घेतला.

डबा संपत आला तरी वजनकाटा आणि बैठका जिथल्या तिथे. वस्तादांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "गोखरू म्हंजे सराटाच न्हवं का? रानात पायात मोडतोय त्यो. त्येचं बारा हजार?"

मग मी पेपरचं नाव पबमेडवर टाकलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही सूची सगळ्यांना फुकट खुली आहे. सारांश उघडला आणि हायलायटरची ओळ पूर्ण वाचायला मिळाली. ताकद आणि वजन वाढलं, पण दोन्ही गटांत काहीही फरक नव्हता. 11 जणांना गोखरू दिलं होतं, 11 जणांना तशीच दिसणारी पण गोखरू नसलेली कॅप्सूल. वाढले दोघेही सारखेच, म्हणजे वाढ सरावाची. लघवीतल्या टेस्टोस्टेरॉनच्या प्रमाणातही फरक नाही. निष्कर्षात तर सरळ लिहिलंय, की 5 ते 28 दिवसांत मोठी वाढ होते असं उत्पादक सांगतात, तशी काही दिसली नाही. विकणाऱ्यांच्या विरोधातला पेपर विकणाराच घेऊन फिरत होता! आमच्या फाईलमधली झेरॉक्स त्या वाक्याच्या मधोमध कापलेली होती. खालची ओळ पानावर मावली नाही म्हणे.

फाईलमधले बाकीचे पेपर उंदरांवरचे. उंदरांना तालमीत कोण पाठवतं?

'पबमेडवर आहे' हे वाक्य ऐकून कुणी भारावू नये. तिथे साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत, चांगल्या आणि सुमार एकत्र. तिथे नोंद असणं म्हणजे कुणी शिक्का मारला असं नव्हे. पेपरच्या नावावरून सारांश स्वतः उघडा आणि आधी एवढंच शोधा, की औषध न घेतलेल्या गटापेक्षा घेतलेला गट पुढे गेला का. 'आधीपेक्षा वाढ झाली' यात काही अर्थ नाही, व्यायाम केला की आधीपेक्षा वाढतंच. नंतर पूर्ण पेपर मिळाला तर त्याच्या शेवटच्या पानावर प्रयोगाला पैसा कुणी दिला ते वाचा. झेरॉक्समध्ये हे पान हमखास नसतं. शोधताना डावीकडे 'मेटा-ॲनालिसिस'वर टिचकी मारली तर अनेक प्रयोगांचं एकत्र गणित मिळतं. प्रथिनांवर 2018 मध्ये 49 प्रयोगांचं असं गणित झालं. त्यात शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनांच्या पुढे स्नायूंना जास्तीचा फायदा दिसला नाही. जिममध्ये ताकदीसाठी घेतात त्या क्रिएटिन पावडरच्या बाजूनेही भरपूर पुरावा आहे, तेव्हा डब्यातलं सगळंच थोतांड असं मी म्हणणार नाही.

पैसे मागायला गेलो तर "शरीर प्रत्येकाचं वेगळं असतंय" हे उत्तर. पावती साध्या कागदावरची, त्यावर जीएसटी क्रमांक नाही. डब्यावर 14 आकडी अन्न परवाना क्रमांकही नव्हता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. डबा, पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवलंय. तो माणूस आता कळंब्याकडच्या जिममध्ये जातो असं ऐकतो. फाईल पुढे आली तर त्याच्याच मोबाइलवर मूळ सारांश उघडायला सांगा. आमच्यापुढे त्याची रेंज गेली होती.