270 हात लांब, 187 हात रुंद: ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चौथीची सहल कशी होते

ग्वाल्हेरच्या बहुतेक शाळांची किल्ल्याची सहल उरवाई दरवाजाने वर जाते, मान मंदिर या वाड्यासमोर फोटो काढते, सास-बहू आणि तेली का मंदिर उरकते आणि डबे खाऊन खाली येते. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी हा मार्ग पाचपैकी दोन गुणांचा. तोच किल्ला पूर्वेकडून, किला गेटने पायी चढला आणि चढावावरच्या एका लहानशा देवळाला अर्धी सकाळ दिली, तर साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच.

हे देऊळ म्हणजे चतुर्भुज मंदिर. गणेश दरवाजा ओलांडून लक्ष्मण दरवाजाकडे जाताना लागतं, खडकातच कोरलेलं आहे आणि इतकं लहान आहे की घाईत असलेला माणूस सरळ पुढे निघून जातो. आतल्या भिंतीवर एक शिलालेख आहे. विक्रम संवत 933, म्हणजे इसवी सन 876. देवळासाठी 187 हात बाय 270 हात जमीन फुलबागेला दिली आणि रोज 50 माळा देवाला मिळाव्यात, असा त्यातला मजकूर. 270 आणि 50 या दोन्ही आकड्यांत शेवटी छोटं गोल शून्य कोरलेलं आहे. चौथीच्या गणिताला लांबी, क्षेत्रफळ, स्थानिक किंमत आणि वजाबाकी एकाच दगडावर मिळते. एवढं देणारी जागा शहरात दुसरी नाही.

एक दुरुस्ती आधीच करून ठेवा. गाइड याला हमखास ‘जगातलं पहिलं शून्य’ म्हणतात. ते खरं नाही. कंबोडियातल्या सांबोर इथल्या शिलालेखात शके 605, म्हणजे इसवी सन 683 हे साल कोरलंय आणि त्यातलं शून्य एका ठिपक्याचं आहे. आपल्या देशात दगडावर कोरलेल्या आणि साल पक्कं माहीत असलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी हे एक, एवढंच सांगावं. मुलांना तेवढंही पुरतं.

तयारी शाळेत, आदल्या आठवड्यात. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची दोन बोटं रुंदीची पट्टी प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताएवढी कापायची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मग घडी: अर्धी, पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी, म्हणजे आठ भाग. प्रत्येक भागाचे तीन केले की चोवीस बोटं. जुन्या मापात हात चोवीस बोटांचाच असतो, त्यामुळे आपली बोटं शेजारी शेजारी ठेवून पट्टी पडताळता येते. पहिली चूक इथेच होते. काही मुलं कोपराच्या बाहेरच्या टोकापासून मापतात, काही आतल्या खळीपासून, आणि चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडतो. हात टेबलावर आडवा ठेवून कोपर भिंतीला टेकवला की भांडण मिटतं.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा हात साधारण 33 ते 37 सेंटिमीटर भरतो, मोठ्या माणसाचा 45 च्या आसपास. हा फरक लपवू नका, सहलीचं खरं खाद्य तोच आहे. 35 सेंटिमीटरच्या हाताने 270 हात म्हणजे साडेचौऱ्याण्णव मीटर. 45 च्या हाताने एकशे साडेएकवीस. सत्तावीस मीटरची बाग कुठे गेली, हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा आणि उत्तर देऊ नका. कोणाचा हात मोजायचा हे कोण ठरवत असेल, इथपर्यंत मुलं स्वतःच येतात.

बागेचा आराखडा शाळेच्या मैदानावर दहाव्या मापात आखायचा: 27 हात बाय 18 हात 17 बोटं. 45 सेंटिमीटरचा हात धरला तर सुमारे 12.15 मीटर बाय 8.4 मीटर. त्यासाठी साधा सुती दोर घ्या, नायलॉन नको, ओढला की लांबतो. हाताहातावर गाठी मारण्याचा मोह टाळा. एकेक गाठ तीन-चार सेंटिमीटर दोर खाते आणि सत्तावीस गाठींत दोर जवळपास मीटरभर आखूड पडतो. खुणा रंगीत चिकटपट्टीच्या कराव्यात, आणि दोर आधी ताणून, मग. कोपरा काटकोनात आणायला बारा हातांचा दोराचा फेरा करून 3, 4 आणि 5 हातांच्या तीन बाजू होतील असा तीन मुलांनी धरायचा. तीनही बाजू ताठ झाल्या की 3 आणि 4 च्या मधला कोन काटकोन. चारही कोपरे झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे यायला हवेत, 33 हातांच्या किंचित कमी. कर्णांत अर्ध्या हातापेक्षा जास्त फरक आला तर बहुधा कोणाचा तरी दोर ढिला आहे. कोपऱ्यात खुंटीऐवजी मूल उभं केलं असेल तर ते हललंय.

आता किल्ला. दिवस नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत सकाळी धुकं इतकं असतं की वरून शहर दिसत नाही, आणि एप्रिलनंतर दगडी चढाव मुलांच्या पायाला भाजतो. सोमवार टाळा, खालच्या गुजरी महालातलं संग्रहालय तेव्हा बंद असतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट नाही, पण मुलांच्या नावांची यादी शाळेच्या शिक्क्यासह जवळ असलेली बरी. चढाव दगडी फरशीचा आहे, चपला-सँडल नकोत. वाटेत पाणी किंवा स्वच्छतागृह मिळेल असं धरून चालू नका. खालीच सगळं उरकून निघा. खाऊ म्हणून थंडीत गजक (तीळ-गुळाची कुरकुरीत मिठाई) उत्तम: सांडत नाही, हात चिकट होत नाहीत, आणि ग्वाल्हेरच्या मुलाला नको म्हणायला लागत नाही.

देवळाला कुलूप असू शकतं. आदल्या दिवशी एका शिक्षकाने जाऊन चौकीदाराशी बोलून वेळ ठरवावी, नाहीतर चाळीस मुलं बंद दारासमोर उभी राहतात. अर्धा गुण इथेच कापला. शिवाय आत एका वेळी सहा-सातच मुलं नीट उभी राहतात. चाळीसच्या वर्गाचे सहा गट, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे अर्धा तास आणि वर थोडा. बाहेरच्या गटांना काम नसेल तर तो अर्धा तास कठड्यावर चढण्यात जातो. म्हणून बाहेर दोन कामं लावा: चढावाची रुंदी पट्टीने मोजून गटाचे आकडे एका कागदावर लिहिणं, आणि खाली दिसणाऱ्या शहराचा पेन्सिलीने नकाशा. कठड्याच्या बाजूला मात्र सतत एक मोठं माणूस हवं.

आत पाहायचं कसं? मोबाईलचा टॉर्च समोरून मारला की दगड सपाट दिसतो आणि एकही अक्षर लागत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूने धरा. कोरलेल्या रेघांत सावली पडते आणि अक्षरं उठून येतात. मुलांना आधी कागदावर 2, 7, 0 यांचं तिथलं वळण दाखवून ठेवलेलं असेल तर ती एका मिनिटात शोधतात. शून्य इतर आकड्यांपेक्षा लहान आहे आणि थोडं वर टेकलेलं. ‘हे तर डिग्रीचं चिन्ह आहे’ असं कोणी म्हटलं तर शाबासकी द्या, निरीक्षण अचूक आहे. 933 सापडला की वजाबाकी तिथेच: 933 उणे 57, मग चालू सालातून 876 वजा. विक्रम संवतातून 57 का घालवायचे, हे शाळेत आधी शिकवलेलं हवं, देवळात समजावायला वेळ नसतो. शिलालेखाला हात लावायचा नाही, खडू लावायचा नाही आणि कागद ठेवून क्रेयॉन घासायचा तर मुळीच नाही. घासण्याची हौस शाळेत भागवता येते, ते खाली लिहिलंय.

तिथून हत्ती पोळ या दरवाजाने वर आलात की मान मंदिर. मानसिंह तोमराचा हा वाडा 1486 नंतरच्या काळातला. बाहेरच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशांत बदकं, हत्ती, मगरी आणि केळीची झाडं आहेत. मुलांना आत नेण्याआधी बाहेरच वीस मिनिटं द्या. बदकांची रांग मोजताना मुलं एक गोष्ट पकडतात: चित्र ठरावीक अंतराने पुन्हा येतं, आणि जिथे फरशी निखळलीय तिथे काय असणार हे सांगता येतं. ‘पुढचं बदक कुठे?’ हा आकृतिबंधाचा धडा पुस्तकात चार पानं घेतो. तळघरात चौथीचा अख्खा वर्ग नेऊ नका. अंधार, वटवाघळं आणि अरुंद जिने आहेत, त्यात घाबरलेलं एक मूल सगळी रांग अडवतं.

बाकीचं थोडक्यात. तेली का मंदिर लांबून दाखवा, उंची साधारण 30 मीटर, एवढ्यावर भागतं. उरवाईच्या बाजूला उतरताना जैन तीर्थंकरांच्या खडकात कोरलेल्या मूर्ती दिसतात, थकलेली मुलंही तिथे मान वर करतात. तो रस्ता अरुंद आहे, मोठी बस वर बोलवू नका, लहान गाड्या ठरवा किंवा पायी उतरून खाली बस घ्या. जयविलास महालाला त्याच दिवशी नेणं म्हणजे दोन्ही वाया घालवणं. साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं मुलांना आवडतात, पण तिथे सगळं दोरीपलीकडे. पाहण्याची जागा आहे, करण्याची नाही.

वर्गात चढता न येणारं एखादं मूल असेल तर त्याला बसमध्ये बसवून ठेवू नका. शहरातल्या हजिरा भागात, तानसेनाच्या समाधीशेजारी मोहम्मद गौस यांचा मकबरा आहे. जमीन सपाट, आणि दगडी जाळ्यांतले षटकोन व तारे हातातल्या आरशाने तपासता येतात: आरसा कुठे ठेवला की अर्ध्यातून पूर्ण नक्षी दिसते. अख्ख्या वर्गाची ती दुसरी सहल ठेवली तर सगळ्यांचंच भलं.

परतल्यावर दोन कामं. पहिलं माळांचं. एक हात माळेला मध्यम झेंडूची अकरा-बारा फुलं लागतात, मूर्तीला दोन हात माळ धरली तर चोवीस. पन्नास माळांना बाराशे फुलं, रोज. मुलांकडून पाचच माळा ओवून घ्या, बोथट सुई आणि दुहेरी दोरा. फूल देठाकडून टोचलं नाही तर पाकळ्या हातात येतात.

दुसरं फरशीचं. कुंभाराची माती, मुलामागे 250 ग्रॅम, दहा बाय आठ सेंटिमीटर आणि दीड सेंटिमीटर जाड थापायची. आगकाडीच्या मागच्या टोकाने 270 तीन मिलिमीटर खोल कोरायचं. उन्हात ठेवली की कडा आधी सुकतात, मध्य ओला राहतो आणि फरशी मधोमध तडकते. सावलीत, वर वर्तमानपत्र, रोज उलटून, चार दिवस. मग त्यावर पातळ कागद ठेवून क्रेयॉन आडवा फिरवा: भोवती रंग, आकडा पांढरा. काही मुलं फरशीला शाई लावून शिक्क्यासारखी दाबतात आणि कागदावर 270 आरशात पाहिल्यासारखं उलटं उमटतं, शून्य डावीकडे. बहुतेक फरश्यांवर शून्य 2 आणि 7 एवढंच मोठं असतं. शिलालेखाचा फोटो शेजारी ठेवलात तर दुसऱ्या प्रयत्नात ते लहान होतं आणि जरा वर सरकतं.