इंक टँक प्रिंटर, आठ महिन्यांनी: पाठपोट छपाई टिकत का नाही

वीस तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरायचा आणि अठराला प्रिंटरच्या पडद्यावर 'मेंटेनन्स बॉक्स भरला' असा निरोप. चारही टाक्यांत शाई, ट्रेमध्ये कागद, तरी मशीन एक पान काढेना. सर्व्हिस सेंटरने फोनवर सांगितलं, 'वापर जास्त असेल.' वापर जास्त नव्हता. बोर्डावरचं बटण बंद करणं जास्त होतं.

हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) साफ करताना ओढलेली शाई ज्या स्पंजात मुरते तो हा बॉक्स. किती शाई आली याचा हिशोब त्यावरची चिप ठेवते, म्हणून स्पंज धुऊन परत बसवला तरी मशीन ऐकत नाही. संध्याकाळी 'वीज वाचवा' म्हणून भिंतीवरचं बटण बंद केलं की हेड झाकणाखाली जाऊन बसेलच असं नाही. ते उघडं राहिलं तर नोझल (शाईची बारीक छिद्रं) सुकतात, सकाळी मशीन स्वतःच सफाई करतं, शिवाय रेघा दिसल्या की कोणीतरी आणखी दोनदा हेड क्लीनिंग दाबतं. या मॉडेलात सफाई चारही रंगांची होते, छापायचं फक्त काळं असलं तरी. झोपलेल्या मशीनला १ वॉट धरला तर महिन्याला पाऊण युनिटही जळत नाही. तेवढ्यासाठी शाई आणि बॉक्स घालवायचा? बंद करायचंच तर मशीनच्या बटणाने करा, दिवा विझू द्या, मग बोर्ड. रेघा आल्या तर आधी नोझल चेक (चाचणीचं पान), मग एक क्लीनिंग, पुन्हा चेक. तीनदा करूनही रेघ राहिली तर रात्रभर थांबा. पॉवर क्लीनिंग हा शेवटचा उपाय, त्यात शाई धो धो जाते.

आता मुख्य तक्रार. खोक्यावर मोठ्या अक्षरांत विजेची बचत लिहिली आहे, आणि ती खोटी नाही. लेझरला फ्यूजर (पूड कागदावर वितळवणारा भाग) तापवावा लागतो, इथे उष्णताच नाही. पण रोज २० मिनिटं छापणारा ५०० वॉटचा लेझर धरला तरी २५ दिवसांत चार-सव्वाचार युनिट होतात. कागदाचं बघा: ७५ जीएसएमचं (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-फोर पान ४.७ ग्रॅमचं. रोज २०० पानं म्हणजे महिन्याला १० रीम, साडेतेवीस किलोच्या आसपास. पर्यावरण वाचवायचं तर ते इथे, पाठपोट छपाईत. आणि नेमकी हीच गोष्ट या मशीनवर टिकत नव्हती. सोमवारी सेट करावी, बुधवारी पुन्हा एकतर्फी.

दोन तारे द्यायचे ठरलंच होतं. ते आता बदलतोय, कारण दोष मशीनचा नव्हता. विंडोजमध्ये 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये केलेला बदल त्या एका युजरपुरता असतो. सगळ्यांसाठी करायचा तर प्रिंटर प्रॉपर्टीज, 'अॅडव्हान्स्ड' टॅब, तिथे 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'. लाँग एज (लांब कडेने उलटणारी पाठपोट) आणि ग्रेस्केल (रंगाऐवजी काळ्या-करड्या छटा) दोन्ही तिथेच लावा. मग यादीत त्याच प्रिंटरची 'कॉपी १' नावाची जुळी नोंद आहे का बघा. ती बहुधा डब्ल्यूएसडी पोर्टवर (नेटवर्कवरचा प्रिंटर शोधून जोडण्याची सोय) विंडोजने आपोआप जोडलेली असते आणि तिची सेटिंग एकतर्फीच राहते. ती काढून टाका. 'डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' हेही बंद करा, नाहीतर शेवटचा वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होत राहतो.

एवढं करूनही एक्सेल दगा देतं. त्यात छपाईची सेटिंग प्रत्येक शीटबरोबर साठवलेली असते. बारा शीटची जुनी फाइल 'एंटायर वर्कबुक' म्हणून छापली की पहिली शीट पाठपोट आणि बाकीच्या अकरा आपल्या जुन्या सवयीने एकतर्फी निघू शकतात. सरळ उपाय म्हणजे पूर्ण वर्कबुकची पीडीएफ करून ती छापणे. त्याआधी प्रिव्ह्यूमध्ये 'फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज' लावा. नाहीतर शेवटचा 'शेरा' कॉलम एकटाच पुढच्या पानांवर जातो आणि खतावणीची पानं दुप्पट होतात, हा कागद कोणाच्या हिशोबातच येत नाही. आकार ७० टक्क्यांखाली गेला तर वाचता येत नाही, मग पान आडवं करा.

मराठी पत्रांचं वेगळंच दुखणं. मंगल फॉन्टची ओळ उंच असते, त्यामुळे दीड पानाचा मजकूर सहज दुसरं पान ओलांडतो. ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' करून १२ पॉइंटला १८ ठेवा. फार खाली गेलात तर वेलांट्या आणि रफार कापले जातात, एक पान छापून बघा.

पावसाळ्यात पाठपोट छपाई अडकते, हे मात्र खरं. दमट हवेने ७० जीएसएम कागद आधीच मऊ, त्यात पहिल्या बाजूची शाई ओली, मग पान लाटेसारखं होऊन मागच्या कव्हरपाशी घुसतं. रीमचं वेष्टन पूर्ण फाडू नका, ट्रेमध्ये दिवसापुरताच कागद ठेवा, ड्रायव्हरमध्ये वाळण्याचा वेळ वाढवा, डेन्सिटी (शाईचा गडदपणा) एक पायरी कमी करा. ७५ जीएसएमवर त्रास बराच कमी होतो. अडकलेलं पान मागचं कव्हर काढून, ज्या दिशेने चाललं होतं त्याच दिशेने दोन्ही हातांनी ओढा. तुकडा आत राहिला तर पुढची दहा पानंही वाया.

पाठकोरे कागद वापरायला हरकत नाही, पण पिना काढून, मागच्या फीडरमधून, पाठपोट बंद करून. कोणाचा पॅन किंवा बँक स्टेटमेंट मागे असलेलं पान दुसऱ्या क्लायंटच्या हाती जाऊ देऊ नका. (हे लिहावं लागतं हेच नवल.)

पिन टाकून प्रिंट सोडण्याची सोय या मॉडेलात आहे आणि ती चांगली चालते. पिन टाकायला उठावं लागतं, म्हणून 'चुकून दोनदा गेलं'वाली प्रिंट छापलीच जात नाही.

काळी शाई पिगमेंट आहे, पाण्याने पसरत नाही. रंगीत पसरते, त्यामुळे सही-शिक्क्याचे कागद काळ्यातच काढा.

आता तीन तारे. चौथा अडवलाय बॉक्ससाठी: तो किती भरला हे पडद्यावर कुठेच दिसत नाही, संगणकावरच्या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या टॅबमध्ये दिसतं. एक बॉक्स आधीच आणून कपाटात ठेवा. जुना पिशवीत घट्ट बांधून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आडवा ठेवलात तर फरशीवरचा डाग निघत नाही.